किनाऱ्यावरच्या पीट-दलदली आणि तिथल्या वनस्पती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हँकुव्हरच्या बाजूला राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात पाहुण्यांचा राबता असतो. समुद्र झाला, डोंगर झाले, मॉल झाले, की एक सकाळ मी हटकून बर्न्स बॉगसाठी राखून ठेवतो. "अरे, दलदल काय बघायची? पावसाळ्यात आमच्या गल्लीत ये," हे गाडीत बसतानाच ऐकावं लागतं. पायवाटेवर पोचलं की मात्र प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, आणि दरवर्षी प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

हे ठिकाण नेमकं कुठे आहे?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, फ्रेझर नदीच्या मुखाशी, डेल्टा नावाच्याच शहरात. उत्तरेला नदीचा फाटा, दक्षिणेला बाउंडरी बे ही उथळ खाडी आणि मध्ये सुमारे ३,००० हेक्टरची दलदल. पूर्वी ती ४,००० हेक्टरांहून मोठी होती. कडेकडेने शेती, गोदामं, हमरस्ते आणि व्हँकुव्हर शहराचा कचरा डेपो यांनी तिचे लचके तोडले. डॉमिनिक बर्न्स या मांसव्यापाऱ्याच्या मालकीची ही जमीन होती, म्हणून हे नाव. २००४ साली केंद्र, प्रांत, महानगर आणि डेल्टा अशा चार सरकारांनी मिळून २,००० हेक्टरांहून थोडी जास्त जमीन ७ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि राखीव केली. २०१२ मध्ये ती फ्रेझरच्या त्रिभुज प्रदेशाबरोबर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आली. त्याच वर्षी कास पठारासकट पश्चिम घाट जागतिक वारशात गेला. हा योगायोग मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. पुढे कास पुन्हा येणारच आहे.

बॉग आणि फेन यांत फरक काय? मराठीत दोन्ही दलदलच ना?

मराठीत दोन्हींना दलदल म्हणून भागतं, पण झाडांना तो फरक चांगलाच कळतो. प्रश्न पाणी कुठून येतं याचा आहे.

फेनला (आपला फेस म्हणजे फेन, तो हा नव्हे) जमिनीखालून किंवा आसपासच्या उतारावरून पाणी मिळतं. ते माती-खडकातून झिरपत येताना थोडे क्षार घेऊन येतं. बॉगला फक्त पाऊस. बॉगचा पृष्ठभाग मध्यभागी फुगलेला असतो, उलट्या ठेवलेल्या बशीसारखा, त्यामुळे बाहेरचं पाणी आत चढूच शकत नाही. पावसाच्या पाण्यात झाडांच्या कामाचं जवळजवळ काही नसतं. समुद्राजवळच्या बॉगमध्ये वाऱ्याबरोबर खाऱ्या पाण्याचे तुषार येतात, त्यातून थोडं सोडियम आणि मॅग्नेशियम मिळतं. नत्र आणि स्फुरद यांच्या नावाने तिथेही खडखडाटच.

बहुतेक वेळा फेन आधी येतो, बॉग नंतर. बर्न्स बॉगच्या जागी पाचेक हजार वर्षांपूर्वी भरती-ओहोटीची गाळपट्टी होती. तिथे आधी लव्हाळ्याच्या जातीचं गवत माजलं. ते मरून साठत गेलं, जमीन पाण्यावर उचलली गेली, आणि साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी स्फॅग्नमने ताबा घेतला.

स्फॅग्नम म्हणजे शेवाळच. ते एवढी मोठी जमीन कशी ताब्यात घेईल?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. रोजच्या मराठीत विहिरीच्या भिंतीवरचं हिरवं आणि पाण्यातलं निसरडं, दोन्ही शेवाळच. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पाण्यातलं ते शैवल आणि मॉस ती हरिता. स्फॅग्नम ही हरिता. तिला मुळं नाहीत. वरचा शेंडा वाढत राहतो आणि खालचा भाग मरत जातो. बस्स, एवढंच ती हजारो वर्षं करते.

फळ्यांच्या कडेला सुटून पडलेला एखादा झुपका उचलून मी पाहुण्याच्या हातात देतो आणि पिळायला सांगतो. नारळाचा चव पिळल्यावर रस निथळावा तसं पाणी बोटांतून गळतं आणि हातात उरतो फिकट, हलका चोथा. सोडला की पुन्हा फुगतो. पानात जिवंत पेशींच्या बारीक जाळीत मोठ्या, मेलेल्या, रिकाम्या पेशी असतात आणि त्यांच्या भिंतींना भोकं असतात. या पेशी म्हणजे पाण्याच्या घागरीच. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसेक पट पाणी ही हरिता धरून ठेवू शकते. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा जखमा बांधायला हीच वापरली, ती या शोषून घेण्याच्या गुणामुळे.

तिचा दुसरा गुण जास्त बेरकी आहे. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे क्षार ती ओढून घेते आणि बदल्यात हायड्रोजनचे आयन सोडते. म्हणजे भोवतालचं पाणी स्वतःच आंबट करते. बॉगच्या पाण्याचा सामू (pH) चाराच्या आसपास असतो. आंबट, गार आणि प्राणवायू नसलेल्या पाण्यात जिवाणूंचं काही चालत नाही, मेलेलं कुजत नाही, आणि त्याचं पीट होतं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. पायाखाली एक मीटर पीट असेल, तर त्याच्या तळाशी अंदाजे हजार वर्षांपूर्वीचं शेवाळ आहे.

स्फॅग्नमच्या अनेक जाती इथे शेजारी शेजारी राहतात, पण प्रत्येकीची पायरी ठरलेली. पाण्याच्या खळग्यात स्फॅग्नम कस्पिडेटम, लुसलुशीत आणि सैल. त्याहून जरा वर पॅपिलोसम, जाडसर, पिवळट. उंचवट्यावर लालबुंद कॅपिलिफोलियम, आणि सगळ्यांत कोरड्या टेंगळांवर तपकिरी फस्कम. हात-दीड हात उंचीच्या फरकात एवढ्या वस्त्या! रंग बघून पाण्याची पातळी सांगता येते.

'वनस्पती-समूह' हा काय प्रकार आहे?

एकाच प्रकारच्या जागी पुन्हा पुन्हा एकत्र सापडणाऱ्या झाडांची टोळी. अभ्यासक तिला वरपासून खालपर्यंतच्या थरांवरून नाव देतात. इथला ठळक समूह म्हणजे शोअर पाइन, लॅब्राडोर टी आणि स्फॅग्नम: वर झाड, मध्ये झुडूप, खाली हरिता. पुस्तकात हे कोरडं वाटतं. कडेकडून मध्याकडे चालत गेलं की अर्थ लागतो.

कडेला, जिथे बॉगचं आंबट पाणी आणि बाहेरचं क्षारयुक्त पाणी मिसळतं, त्या पट्ट्याला लॅग म्हणतात. तिथे रेड सीडर, बर्च, गुलाबी तुऱ्यांचं हार्डहॅक हे झुडूप आणि सलाल यांची दाटी असते. ओल्या खाचांत स्कंक कॅबेज. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचं पिवळंधमक आवरण चिखलातून वर येतं आणि घाण वास सोडतं. मग पानं फुटतात, ती हातभर लांब. त्याचं कूळ अळू-सुरणाचं. अळवासारखीच त्यात खाज आणणारी ऑक्झलेटची स्फटिकं असतात. आमच्या एका मावशींनी पानं बघून "वड्या होतील का गं?" असं विचारलं होतं. नको, मावशी.

किनाऱ्यावरच्या फेनमधल्या उथळ पाण्यात बकबीन दिसते. तीन-तीन पानं आणि पांढरी फुलं, पाकळ्यांच्या कडांना झालरीसारखे केस. कासच्या तळ्यातली कुमुदिनी ज्यांनी पाहिली आहे ते लगेच ओळखतात, कारण दोघी एकाच कुळातल्या. फेनमध्येच स्वीट गेल हे सुवासिक झुडूप असतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींत नत्र बांधणारे जिवाणू राहतात, त्यामुळे उपासमारीच्या प्रदेशात त्याची स्वतःची शिधावाटप व्यवस्था आहे.

आत गेलं की उंच झाडं मागे पडतात. खुरटे पाइन, गुडघ्याएवढी झुडपं, पांढऱ्या कापसाच्या बोंडांचं कॉटन ग्रास (नावात गवत, कूळ लव्हाळ्याचं), आणि खाली लाल-हिरव्या हरितेची गादी. क्लाउडबेरी आणि क्रोबेरी या खरं तर थंड उत्तरेकडच्या. इथे क्लाउडबेरी पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या मुलखाच्या जवळपास दक्षिण टोकाला आहे. हे सगळं चार-पाचशे पावलांत बदलतं, आणि जमीन बघावी तर सपाटच दिसते.

आतली झाडं एवढी बुटकी का? कोवळी आहेत का?

कोवळी कसली! डोक्याएवढ्या उंचीचा शोअर पाइन कित्येक दशकांचा असू शकतो. मुळांना हवा नाही आणि खायलाही काही नाही, त्यामुळे वाढ इंचाइंचाने होते, खोड वेडंवाकडं वळतं. कुणी बोन्सायची तुलना केली की मी सांगतो, इथे माळी उपासमार आहे. हाच पाइन कडेच्या कोरड्या जमिनीवर सरळ उंच जातो.

कीटक खाणारी झाडं खरंच आहेत का?

आहेत, पण वाकल्याशिवाय दिसत नाहीत. ड्रोसेरा रोटुंडिफोलिया, म्हणजे दवबिंदूची इथली बहीण, रुपयाच्या नाण्यात मावेल एवढ्या गोल पानांची. प्रत्येक पानावर लाल तंतू, टोकाला चिकट थेंब. सकाळी अकरानंतर सगळीकडचं दव उडून जातं, याचे थेंब मात्र तसेच चमकत राहतात, तेव्हा ते ओळखावं. चिलट बसलं की तंतू हळूहळू आत वळतात. नाट्य फार नाही, पाहुणे पाच मिनिटं वाट बघून कंटाळतात. नत्र मातीत नाही म्हणून ते हवेतून उडणाऱ्या किड्यांतून मिळवायचं, एवढाच हिशेब. पाण्याच्या डबक्यांत युट्रिक्युलेरियाही असते, आपल्या सीतेच्या आसवांची नातलग.

मग कासला किंवा कोकणातल्या सड्यांवर अशी दलदल का नाही?

माझ्या आवडीचा प्रश्न. दवबिंदू आणि सीतेची आसवं दोन्हीकडे, म्हणजे गरिबी दोन्हीकडची सारखीच. पण कारण वेगळं. सड्यावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, आणि पाऊस उरलंसुरलं धुऊन नेतो. इथे मीटरच्या मीटर सेंद्रिय माल साठलेला आहे, पण तो कुलुपात आहे, कुजत नाही म्हणून झाडांना मिळत नाही. एकाचं घर रिकामं, दुसऱ्याची तिजोरी बंद.

पावसाचं म्हणाल तर रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, इथे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पण रत्नागिरीचा चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने सडा तापून निघतो. ओलं-कोरडं आणि उष्णता यांत जिवाणूंची चंगळ होते, सगळं कुजून जातं. इथे पाऊस ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पिरपिरत राहतो, हवा गार असते, आणि कोरडा काळ जुलै-ऑगस्टपुरता. तेवढा काढायला स्फॅग्नमच्या घागरी पुरतात. भारतात पीट अजिबात नाही असं नाही. निलगिरीत दोन हजार मीटरांच्या वर, शोला (तिथली खुरटी सदाहरित जंगलं) आणि गवताळ कुरणांच्या मधल्या दऱ्यांत ते आहे. थंडी तिथे उंचीमुळे मिळते, समुद्रामुळे नाही.

लॅब्राडोर टीचा चहा करता येतो ना? दोन पानं नेऊ का?

राखीव जागेतून काहीच तोडायचं नाही, हे पहिलं. दुसरं, इथले मूळ रहिवासी तो चहा पीत आले हे खरं, पण त्यांना झाड ओळखता येतं. लॅब्राडोर टी ही र्‍होडोडेंड्रॉनची जात आहे, म्हणजे हिमालयातल्या बुरांशाची भावकी. पान उलटून बघा: खाली गंजासारखी तांबूस लव आणि कडा आत वळलेल्या. तिच्या शेजारीच बॉग लॉरेल उभी असते, उंची तीच, पानाचा आकारही जवळपास तोच. पण पानं समोरासमोर, खालून पांढुरकी, लव नाही. ती विषारी आहे, हृदयाचे ठोके मंदावतात. बॉग रोझमेरीचं पानही खालून पांढुरकं, आणि तीही विषारी. शिवाय खुद्द लॅब्राडोर टीसुद्धा दाट उकळून प्यायली तर बाधते. घरी आल्याचा चहा आहे.

शेतातली क्रॅनबेरी इथलीच का?

डेल्टा आणि रिचमंडच्या शेतांत ऑक्टोबरच्या सुमारास पाण्यावर लाल फळांचा सडा तरंगतो, ती क्रॅनबेरी खंडाच्या पूर्व भागातली. बॉगमधली रानटी क्रॅनबेरी वेगळी: दोऱ्यासारखी वेल स्फॅग्नमवरून सरपटते, पान तांदळाच्या दाण्याएवढं, आणि फळ वेलीच्या मानाने एवढं मोठं की कुणीतरी आणून ठेवलंय असं वाटावं. शेतातून पळून आलेली खरी डोकेदुखी म्हणजे हायबुश ब्लूबेरी. तिची फळं पक्षी खातात, बिया बॉगमध्ये टाकतात, आणि डोक्याहून उंच झुडपं खालच्या हरितेचा उजेड अडवतात.

कुंडीत घालतो ते कोकोपीट हेच का?

नाही. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. नाव खऱ्या पीटवरून घेतलं, कारण पाणी धरण्याचा गुण सारखा. नारळ दरवर्षी लागतात. पीटचा वीतभर थर परत यायला दोनशे वर्षं लागतात. बर्न्स बॉगमधून १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत पीट काढलं गेलं, आणि ते चौकोनी खड्डे आजही विमानातून दिसतात. ऑर्किडवाल्यांचं पांढरट स्फॅग्नम मॉस ही सुकवलेली हरिता असते, तेही वेगळं.

पाण्यात असून आग कशी लागते?

पीट म्हणजे कोळशाचं पोरवय. ओलं असेपर्यंत काही होत नाही. चर खणून पाणी काढलं, वरून कोरडा उन्हाळा आला, की ते पेटतं आणि जमिनीखाली धुमसत राहतं. वरची ज्वाळा विझली तरी आत वाट काढत दुसरीकडे वर येतं. सप्टेंबर २००५ मध्ये सुमारे २०० हेक्टर, जुलै २०१६ मध्ये ७८ हेक्टर जळालं. शेकडो, हजारो वर्षांत साठलेला कर्ब काही दिवसांत हवेत जातो. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के पीटभूमी आहे, आणि तिच्यात सगळ्या जंगलांत मिळून आहे त्याहून जास्त कर्ब साठलेला आहे.

मग सुधारणा म्हणून काय करतात? झाडं लावतात का?

उलट, झाडं काढतात! हे ऐकून सगळे चमकतात. वृक्षारोपण म्हणजे पुण्य, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण इथे चरांमुळे पाणी उतरलं की पाइन, बर्च, हेमलॉक माजतात. ते आणखी पाणी ओढतात, सावली करतात, स्फॅग्नम मरतं. म्हणून बर्न्स बॉगमध्ये जुन्या चरांवर शेकडो छोटे बांध घातले आहेत. आपल्याकडे बांध घालतात ते उन्हाळ्यात प्यायला आणि पिकाला पाणी मिळावं म्हणून. इथे ते शेवाळाला तहान लागू नये म्हणून. व्हँकुव्हर शहरातल्या छोट्या कॅमोसन बॉगमध्ये तर स्वयंसेवकांनी हेमलॉक तोडले आणि वरची माती खरवडून जमीनच खाली नेली, म्हणजे हरिता पुन्हा पाण्याच्या जवळ आली. खत तर चुकूनही नको. इथे शेजारच्या शेतातून वाहून आलेलं खत हा उपद्रव समजला जातो.

दलदलीत प्रेतं सापडतात म्हणे?

युरोपात. डेन्मार्कमध्ये १९५० साली सापडलेल्या टोलुंड माणसाच्या चेहऱ्यावरचे खुंटसुद्धा शाबूत होते, आणि तो दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. कारण वर आलंच आहे: आंबट, बिनहवेचं पाणी. बर्न्स बॉगच्या पायवाटेलगत रुतलेला आहे तो एक जुना ट्रॅक्टर. मुलांना तोच सगळ्यांत जास्त आवडतो.

याच किनाऱ्यावर आणखी कुठे बघता येईल?

दक्षिणेला ओरेगनमध्ये फ्लोरेन्स गावाजवळ हमरस्त्याला लागूनच एक छोटा फेन आहे. तिथे कोब्रा लिली, म्हणजे नागाच्या फण्यासारखी वळलेली, जीभ बाहेर काढलेली कीटकभक्षी वनस्पती शेकड्यांनी उभी असते. त्याहून खाली कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगजवळ वाळूच्या टेकड्यांमागे इंगलनूक फेन आहे. तो फार नाजूक आहे, आत पाऊल टाकायचं नाही. घराजवळ रिचमंड नेचर पार्कमध्येही बॉगवरून फिरता येतं. वेळ एका तासाचाच असेल तर मी कॅमोसन सुचवेन: छोटा आहे, पण बॉगचा सगळा संसार तिथे एका नजरेत मावतो.

जाताना काय काळजी घ्यायची?

बर्न्स बॉगचा राखीव गाभा लोकांसाठी बंद आहे. खुला आहे तो कडेचा साठेक हेक्टरचा डेल्टा नेचर रिझर्व्ह, आणि तिथे प्रवेशाला पैसे नाहीत. लाकडी फळ्यांवरूनच चालायचं. हरितेवर पडलेलं एक पाऊल कित्येक महिने तसंच दिसत राहतं. कुत्र्याला पट्टा लावा, सिगारेट गाडीतच ठेवा, डासांसाठी पूर्ण बाह्या घाला. फळ्या ओल्या असतील तर चपला नकोत. आणि पुढे चालणाऱ्याला, जमेल तर, फळीवर एक उडी मारायला सांगा. तुम्ही हात-दोन हात मागे उभे राहून बाजूच्या छोट्या पाइनकडे बघा. तो हलतो.